वाखरीला सगळ्यांनी थांबायचं

जून अर्धा सरला की माझ्या पियानोच्या दोन-तीन पट्ट्या रुसतात. पावसाळी हवेने लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी खालीच राहते आणि बोटाने उचलून वर आणावी लागते. नेमक्या त्याच दिवसांत शाळा सुरू झालेल्या असतात. नवे वर्ग, नव्या बाई, रेनकोट, ओली दप्तरं. मे महिनाभर आजोळी राहून आलेली मुलं निम्मं विसरलेली असतात. क्लास सुटतात ते याच पंधरवड्यात. आईचा मेसेज येतो, "ताई, तो घरी हातच लावत नाहीये, आम्हीच मागे लागतोय. काय करू या?"

पुण्यात घरी पियानो शिकवायला लागून मला चौदा वर्षं झाली. माझे बहुतेक विद्यार्थी सहा ते दहा वर्षांचे. या प्रश्नाची उत्तरं मी बरीच शोधली, त्यातलं पहिलं सपशेल चुकीचं होतं. ते आधी सांगते, कारण आजही पुष्कळ घरांत आणि क्लासांत तेच चालू असलेलं मला दिसतं.

पहिली चार वर्षं माझ्या भिंतीवर एक तक्ता होता. डावीकडे मुलांची नावं, पुढे चौकोन. रोज वीस मिनिटं वाजवलं की पालकांनी सही करायची आणि आठवड्याच्या सहीमागे मी एक चमकणारी चांदणी चिकटवायची. पंचवीस चांदण्या झाल्या की बक्षीस: रंगपेटी, कंपासपेटी, एकदा तर छोटी सायकलची घंटी. सुरुवातीला मुलं अक्षरशः धावत यायची. मला वाटलं, जमलं.

मग हळूहळू काही गोष्टी दिसायला लागल्या. चांगली वाजवणारी मुलं सोपे तुकडे मागायला लागली, कारण सोप्याने वीस मिनिटं पटकन भरतात. एक मुलगा घड्याळ समोर ठेवून वाजवायचा आणि वीस झाले की ओळीच्या मधेच, अर्ध्या मात्रेवर हात उचलायचा. एका आईने नंतर मला स्वतःहून सांगितलं, की घरात रडारड नको म्हणून त्या न वाजवलेल्या दिवसांवरही सही करत होत्या. आणि दुसरीतली एक मुलगी क्लासला आली की नेहमी भिंतीकडे पाठ करून बसायला लागली. मी विचारलं, "अगं, अशी तिरकी का बसतेस?" ती काही बोलली नाही. तिच्या नावापुढे सर्वांत कमी चांदण्या होत्या. तिच्या घरी आजी आजारी होती, वाजवायला शांतता मिळत नव्हती. ती सहा-सात आठवडे त्या तक्त्याकडे पाठ करून माझ्याकडे पियानो शिकत होती, आणि तक्ता मी लावला होता. त्या रात्री मी तो काढला. चांदण्यांचा डिंक भिंतीचा रंग घेऊनच निघाला.

पुढे वाचताना एक जुना प्रयोग हाती लागला. 1973 साली प्रसिद्ध झालेला, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांची मुलं होती, ज्यांना रंगीत स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा तीच पेनं ठेवली, या वेळी बक्षिसाचं नाव नाही. ज्यांना आधी कबूल केलं होतं त्या मुलांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढली. ज्यांना अचानक मिळालं होतं त्यांच्यावर असा परिणाम झाला नव्हता.

सोनेरी चांदणी! ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे अर्ध्या मात्रेवर हात उचलणारा तो मुलगा आला.

म्हणजे मुलांना काहीच देऊ नये, असं मला म्हणायचं नाही. खेळ नको, गंमत नको, नुसतं घोकत बसा, असं म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडून पळालेली मुलंही. सहा वर्षांच्या मुलाला "मोठेपणी तुला याचा आनंद मिळेल" हे सांगून उपयोग नसतो. त्याला आनंद आत्ता, या मंगळवारी, सव्वापाच वाजता हवा असतो. आणि तो त्याचा हक्क आहे. फक्त ती गंमत सुरांच्या बाहेर चिकटवलेली असली की मूल सूर टाकून गंमत तेवढी उचलतं. खेळाने वाजवण्यातलंच काहीतरी काम करायला हवं. मला ही गोष्ट नीट कळली ती वारीमुळे.

त्या जूनमध्ये ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात मुक्कामाला होती. रस्ते बंद, दोन दिवस क्लास बंद. तिसऱ्या दिवशी मुलं आली ती सगळी पालखीबद्दलच बोलत. कोणी बाबांच्या खांद्यावरून पाहिली होती, कोणी वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटले होते. पहिलीतला एकजण खोलीभर पावली खेळत होता, दोन पुढे, एक मागे, आणि तोंडाने "ग्यानबा-तुकाराम". त्याचा ठेका घड्याळासारखा बरोबर पडत होता. हाच मुलगा पियानोवर बसला की चार मात्रांत तीनदा अडखळायचा. मी त्याला म्हटलं, "थांबू नकोस, तसाच चालत राहा," आणि त्याच्या पावलांवर त्याचाच धडा वाजवला. तो चालता चालता ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, हे तर माझंच गाणं आहे."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून खाकी कागदाचा लांब पट्टा आणला. त्यावर रस्ता काढला आणि गावं लिहिली: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. पंधरा नावं. प्रत्येक मुलाने स्वतःचा वारकरी पुठ्ठ्यातून कापून रंगवायचा आणि धडे करत करत गावोगाव पुढे न्यायचा. कुणाचा टाळ घेतलेला, कुणाची तुळशीवृंदावनवाली. एकीने वारकऱ्याच्या डोक्यावर पियानो दिला होता.

मुलांच्या हाताला ही नावं लागली आणि मी कल्पनाही केली नव्हती असं काही घडत गेलं. वारीच्या वाटेत शिकवण्याची जवळजवळ सगळी पद्धत आधीच होती, मला फक्त ती ओळखायची होती.

पुणे सोडलं की सासवडच्या आधी दिवे घाट लागतो. तिथे माउलींच्या रथाला नेहमीची बैलजोडी पुरत नाही, जादा जोड्या जुंपतात. प्रत्येक धड्यात असा एक घाट असतोच: दोन-तीन मात्रांची जागा, जिथे अंगठा बोटांखालून काढायचा असतो किंवा दोन्ही हात वेगवेगळ्या दिशांना निघतात. पूर्वी मुलं त्या जागेला घाबरायची, तिच्यावरून घाईने उडी मारायची. आता ती स्वतःच पेन्सिलने खूण करतात, "ताई, हा दिवे घाट." मग मी विचारते, किती बैल लागतील? एक जोडी म्हणजे एकेक हात सुटा. दुसरी म्हणजे टाळ्या वाजवून लय. तिसरी म्हणजे डोळे मिटून, नुसती बोटं पट्ट्यांवर ठेवून, आवाज न काढता. एका मुलीने एका घाटाला सात जोड्या लावल्या. तिच्या आईने सांगितलं, जेवणाच्या ताटावरसुद्धा ती बोटांनी घाट चढत होती.

आणि धावा. वेळापूरच्या अलीकडे तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून आजही वारकरी तिथे उतारावरून धावतात. लहान मुलांना पियानोवर सगळ्यांत अवघड काय जातं, तर हळू वाजवणं. नवा धडा मिळाला की पहिल्या मिनिटापासून पळायचं असतं. चार वर्षं मी "हळू, हळू" म्हणून घसा कोरडा केला होता. आता नियम एवढाच: माळशिरसपर्यंत चालायचं, वेळापूरला पळायचं. आणि गंमत म्हणजे ती थांबतात. पळायला मिळणार आहे हे ठाऊक असलं की मूल चालायला तयार होतं. पुढच्या मंगळवारी कोणीतरी दारातूनच ओरडतं, "आज मी वेळापूरला आहे!"

लयीसाठी परदेशी पुस्तकांत सोपे उच्चार असतात, ते मीही वापरायचे. आता आमचे शब्द आमचे आहेत. एका मात्रेत एकच सूर असला तर 'टाळ'. दोन असले तर 'वीणा'. तीन बसवायचे असले तर 'माउली', आणि चार असले तर 'चंद्रभागा'. म्हणून बघा, एका टाळीत 'टाळ' आणि त्याच टाळीत 'चंद्रभागा'. जीभ जिथे अडखळत नाही तिथे बोटंही फारशी अडखळत नाहीत.

एका आईंना हे सुरुवातीला खटकलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाश्चात्त्य संगीत शिकवता ना, मग वारी कशाला मधे?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना सांगितलं, की ज्यांचं संगीत आपण शिकतो त्यांनीही आपापल्या मुलांना त्यांच्याच जगातून शिकवलं. योहान सेबास्टियन बाखने 1720 मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी एक वही सुरू केली. तीत बोटांचे आकडे घातलेला छोटा धडा आहे, अलंकारांचा तक्ता आहे आणि मग एकेक लहान रचना, पोराच्या हाताच्या मापाने बेतलेल्या. शिंप्याने मापं घ्यावीत तसं ते आहे. त्याआधी चारच वर्षं फ्रान्समध्ये कूपरँ हा वादक-शिक्षक आपल्या पुस्तकात लिहून गेला होता, की अगदी नवशिकी मुलं असली तर मी निघताना वाद्याची किल्लीच सोबत घेऊन जातो, म्हणजे मी बसवलेलं ती माझ्यामागे बिघडवणार नाहीत. त्याची काळजी मला कळते. हात चुकीचा बसला की सोडवायला महिने लागतात. पण किल्ली काढून नेलेल्या त्या वाद्यासमोर उभं राहिलेलं मूल माझ्या मनातून जात नाही. माझ्या घरी झाकण कायम उघडं असतं. क्लासच्या आधी आलेल्या मुलाने काहीही बडवलं तरी चालतं.

आणि शूमान. रॉबर्ट शूमानची थोरली मुलगी मारी 1 सप्टेंबर 1848 ला सात वर्षांची झाली. तिच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने काही छोट्या रचना लिहिल्या, त्यांत भर पडत पडत त्रेचाळीस रचनांचा 'मुलांसाठी अल्बम' तयार झाला. बाप मुलीला बक्षीस देतो आणि ते बक्षीस म्हणजे वाजवायला काहीतरी नवं! माझ्या सगळ्या रंगपेट्या आणि कंपासपेट्या या एका गोष्टीपुढे मला फार लांबच्या वाटल्या.

त्याच अल्बममधली आठवी रचना, रानदांडगा घोडेस्वार. सहा-आठच्या चालीत तुटक, टापांसारखे सूर. ती मी तिसरीतल्या एका मुलीला दिली होती. तिला घोडे फार आवडायचे. पहिल्या भागात धून उजव्या हातात असते आणि डावा हात साथ करतो. मधल्या भागात उलट: धून खाली डाव्या हातात जाते, सूर उजळतो, उजवा वरून साथ देतो. मग पुन्हा धून उजवीकडे. मुलांना हा मधला भाग नेहमी जड जातो, डावा हात आज्ञाधारक असतो पण पुढाकार घेत नाही. तिने दोन आठवडे प्रयत्न केला. तिसऱ्या आठवड्यात ती आली आणि न विचारता बसली. पहिला भाग वाजवला, थांबली आणि म्हणाली, "हा स्वाराचा घोडा." मग डाव्या हाताने मधला भाग सुरू केला. "आणि हा माउलींचा."

तिने रिंगण पाहिलं होतं. मामाकडे माळशिरसला गेली असताना पुरंदवड्याचं गोल रिंगण तिने मामाच्या खांद्यावरून पाहिलं होतं. रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीच बसलेलं नसतं, कारण तो माउलींचा. वारकरी श्वास रोखून त्या मोकळ्या पाठीच्या घोड्याकडे बघत असतात आणि तो गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात. ती मला सांगत होती, "ताई, या घोड्यावर कोणी बसलेलं नाही ना, म्हणून तो हलका वाजवायचा. पण जोरात पळतो."

डाव्या हातातली धून वजन न टाकता पण पुढाकाराने कशी वाजवावी हे मी तिला इतक्या नेमकेपणाने सांगू शकले नसते. तिचा डावा हात त्या दिवशी खरोखर बदलला. मनगट सैल झालं, बोटं पट्टीच्या जवळ आली. मी शेजारच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकत होते. जर्मनीतल्या एका सात वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेला घोडा पुरंदवड्याच्या मातीत धावत होता, आणि दोन्हींपैकी कुणाचाही त्यात अपमान नव्हता.

बाकीच्या वर्षात इतर खेळ असतात. दिवाळीत बाल्कनीत किल्ला करतो. एकेक धडा पाठ झाला की कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेला एक मावळा त्यावर चढतो, आणि तो कुठे ठेवायचा ते मूल ठरवतं. बुरुजावर ठेवायचा असेल तर धडा पाहुण्यांसमोर वाजवावा लागतो. डिसेंबरात माझ्या एका विद्यार्थ्याच्या गोव्याच्या आजीने सुचवलेल्या चोवीस खिडक्या असतात, रोज एक उघडायची, आत चिठ्ठी: आज फक्त काळ्या पट्ट्यांवर पाऊस वाजव, आज घरातल्या कुणाला तरी मधला सी हा सूर पियानोवर शोधायला शिकव. या दुसऱ्या चिठ्ठीमुळे एका आजोबांचा माळ्यावरचा पेटीचा डबा खाली आला. आजोबा मधल्या सीला 'पांढरी एक' म्हणतात, नातू सीच म्हणतो, आणि दोघांचं भांडण मी मुद्दाम मिटवलेलं नाही.

पण वारीसारखं दुसरं काही नाही, कारण वारीत पहिलं कोणी येत नाही. मी हे ठरवून केलं नव्हतं. पहिल्याच वर्षी चौथीतला एक हुशार मुलगा भराभर धडे करत वाखरीला पोचला आणि म्हणाला, "मी जिंकलो!" मी काही बोलायच्या आत ती घोडेवाली म्हणाली, "अरे, वाखरीला थांबायचं असतं. सगळ्या पालख्या येईपर्यंत." ते खरंच तसं आहे. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या संतांच्या पालख्या वाखरीला एकत्र येतात आणि मग सोबत पंढरीत शिरतात. त्यामुळे आमचाही नियम झाला. सगळे वाखरीला आल्याशिवाय पंढरपूर नाही. आणि मागे राहिलेल्याला आणायला परत जाता येतं: त्याच्याबरोबर एका पियानोवर चार हातांनी वाजवायचं, दोघांचीही एक मजल होते.

आता बक्षीस कधी, काय, हे मी आधी सांगत नाही. द्यायचं असतं तेव्हा देते. कधी एखाद्या छान वाजवलेल्या ओळीनंतर उठून आतून लाडू आणते. कधी तीच ओळ मी फोनवर रेकॉर्ड करून मुलाच्या लांबच्या आजीला पाठवते आणि आजीचं उत्तर आम्ही दोघं मिळून ऐकतो. याची बरोबरी कोणतीही चांदणी करू शकत नाही, हे मी चौदा वर्षांच्या अनुभवावरून अगदी छातीठोकपणे सांगेन. मुलाला बक्षिसापेक्षा हवं असतं ते कुणीतरी काम बाजूला ठेवून बसून ऐकणं. पालकांकडेही मी तेवढंच मागते: सही नको, दिवसातून पाच मिनिटं शेजारी बसा, मोबाइल न घेता, आणि "चुकलं" म्हणू नका.

गेल्या आषाढात पहिलीतला एक मुलगा नातेपुत्याला अडकला होता. ताप आला, मग कांजिण्या, तीन आठवडे क्लास बुडाला. अकरा मुलं वाखरीला आणि हा एकटा मागे. एकादशीला चारच दिवस उरले होते. मला वाटलं, यंदा नियम सैल करावा लागेल. पण एकामागून एक मुलं मला न विचारता त्याच्या वेळेला यायला लागली. छत्र्या दारात, ओले पाय पायपुसण्याला पुसत. एकजण त्याच्या डावीकडे बसायचा, खालची साथ धरायचा, आणि हा वर त्याच्या पाच सुरांची धून वाजवायचा. नातेपुते, माळशिरस. वेळापूरला दोघंही इतकी पळाली की सूर कुठल्या कुठे गेले, आणि मी अडवलं नाही. भंडीशेगाव. एकादशीच्या आदल्या संध्याकाळी पुठ्ठ्याचे बारा वारकरी वाखरीला उभे होते.

एकादशीला माझ्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. आई-वडील दारापर्यंत, दोन आजोबा गॅलरीत. मुलांनी एकेक धडा वाजवला. कांजिण्यांचे डाग अजून चेहऱ्यावर असलेला तो शेवटी बसला. स्टुलावरून पाय जमिनीला पोचत नव्हते, म्हणून खाली पाट दिला. पाच सुरांची धून त्याने एकट्याने, चालीत, न पळता वाजवली. मधे एक पट्टी दमट हवेने खाली रुतली, ती त्याने दुसऱ्या हाताने अलगद वर उचलली आणि लय न सोडता पुढे गेला. कोणी शिकवलं नव्हतं त्याला ते.

मग चुरमुरे-बत्तासे वाटले. सगळी मुलं प्रसादाच्या ताटाभोवती, आणि हा एका मुठीत बत्तासा धरून परत पियानोपाशी. मोठ्यांच्या गप्पांत तो एकटाच तीच धून पुन्हा वाजवत होता, एका हाताने, मग दुसऱ्या, बत्तासा या मुठीतून त्या मुठीत घेत. ऐकायला कोणी नव्हतं, त्यालाही कोणी नको होतं.

सकाळी झाडलोट करताना मधल्या सीच्या शेजारच्या पट्टीवर साखरेचा बोटाएवढा ठसा दिसला, वर मुंग्यांची रांग. ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने. पट्टी एकदा दाबून पाहिली. वर आली.